दीड इंच

"अंग चोरू नका, वहिनी. दस्ता खांद्याला घट्ट लावा," नेमबाजीच्या मैदानावरचे उस्ताद म्हणाले. "मध्ये फट ठेवलीत तर रायफल धाव घेऊन येते. जास्त लागतं."

तिनं खांदा पुढे केला. रायफल नवऱ्याची. नवरा हिवाळ्यात गेला, आणि रायफलीचं गिऱ्हाईक दुपारी यायचं होतं. हत्ती लोळवील असल्या त्या धुडानं हा माणूस जन्मभर दर रविवारी कागद मारायचा, आणि संध्याकाळी कागदापेक्षा जास्त जखमी होऊन घरी यायचा. खांदा काळानिळा, भुवई फुटलेली. ती न बोलता बर्फाची पिशवी पुढ्यात आपटायची. एकटीनं काढलेल्या त्या सगळ्या रविवारांत असं होतं तरी काय, ते विकण्याआधी एकदा तिला बघायचं होतं.

"नेम शिकले, पण धरायला काही शिकले नाहीत हे," ती म्हणाली. "दर वेळी भुवई!"

उस्ताद खाकरले. "दस्ता आखूड पडायचा ना त्यांना. तोंड पार रायफलीवरच्या दुर्बिणीपाशी जायचं, मग धक्क्यानं तीच भुवईवर बसायची."

"मग लांब बसवायचा."

"लांबच होता. त्यांनीच दीड इंच कापायला लावला. मापाला स्वेटर आणला होता एक, बायकी. जांभळा. कोपरापासून बाही मोजून घेतली."

"तो स्वेटर! अहो, हरवला म्हणून लाँड्रीवाल्याच्या सात पिढ्या उद्धरल्या मी!"

उस्ताद हसले. तीही हसायला गेली, ते अर्ध्यावरच राहिलं.

"मला कधी चल म्हणाले नाहीत."

"मी म्हणायचो, विचारा की एकदा. तर म्हणायचे, पुढच्या रविवारी. ती हसेल, म्हणायचे."

हसली असतीच ती. चांगली आठवडाभर, शेजारणींना बोलावून.

उस्तादांनी तिच्या कानांवर आवाज अडवणारी बोंडं चढवली. तिनं गाल दस्त्यावर टेकवला. बरोब्बर बसला. डोळा आणि दुर्बीण यांच्यामध्ये ऐसपैस जागा होती. तिनं चाप ओढला.

धक्क्यानं ती पाऊलभर मागे गेली. समोरचा कागद कोराच होता. उस्तादांनी तिच्या कानांवरची बोंडं उतरवली आणि रायफलीला हात घातला. तिनं ती सोडली नाही.

"लागलं का?"

"हं."

"निळं पडेल. दुखेल दोन-चार दिवस."

"इतकेच दिवस?" तिनं विचारलं.