नदीपलीकडे नेलेली घरटी

नेरिडा पुग्लिसीच्या घरामागचा उतार ऊसवाल्यांच्या लेखी कुचकामाचा होता. दगडधोंड्यांचा, वेलींनी गचपण झालेला, ट्रॅक्टर चढवावा तर उलटा यायचा असा. तिच्या नवऱ्यानं, कार्मेलोनं, खालच्या उसाच्या जमिनीबरोबर तो पदरात पडला म्हणून घेतला आणि मरेपर्यंत त्याला शिव्या घातल्या. नेरिडाला मात्र त्या उताराचं वेड लागलं. शाळेतली नोकरी संपली, मुलं ब्रिस्बेनला गेली, मग कार्मेलोही गेला. तेव्हापासून ती सकाळचा चहा थर्मासात भरून सरळ वर चढायची. कशासाठी, तर काटेरी मुंग्यांसाठी.

पाठीवर काटे, कमरेवर गळासारखे वाकडे आकडे, अशी ती मुंगी. पण एक म्हणावी तर एक नव्हे. त्या एवढ्याशा उतारावर नेरिडानं वीसच्या वर जाती पाहिल्या होत्या, आणि प्रत्येकीची घर करायची रीत निराळी. सोनेरी केसांची एक दगडाखाली राहायची आणि दाराशी वाळक्या काटक्यांचं छप्पर घालायची. काळी कुळकुळीत एक जात पानं जवळ ओढून शिवायची. तोंडात स्वतःची अळी धरायची, अळीच्या तोंडातून रेशीम सुटायचं आणि मुंगी तिला विणकराच्या धोट्यासारखी या पानावरून त्या पानावर फिरवायची. तिसरी पोकळ बांबूच्या पेरात शिरून तोंडाला रेशमी पडदा लावायची. शिवलेल्या पानावर बोटानं टिचकी मारली की आतल्या सगळ्या मुंग्या बूड आपटायच्या आणि पान वाळूच्या खुळखुळ्यासारखं खर्रर्र वाजायचं. त्या आवाजानं नेरिडाला रोज नव्यानं हसू यायचं.

कुंपणापलीकडे तिचा दीर साल्व्हो राहायचा. सत्तरी ओलांडलेला, बिनलग्नाचा, अजून स्वतः ऊस करणारा. संध्याकाळी त्याची म्हातारी कुत्री पिप्पा पुढं आणि तो मागं, असे दोघं नेरिडाच्या व्हरांड्यात कॉफीला यायचे.

"काय म्हणतायत तुझी पोरं?" तो उताराकडे मान वेळावून विचारायचा. "कुणाचं बारसं, कुणाचं लग्न?"

"तुझ्यापेक्षा बरी आहेत. निदान घर स्वच्छ ठेवतात."

"घर स्वच्छ ठेवायला बायको लागते."

"मग करायची होतीस की. कुणी बांधून ठेवलं होतं?"

साल्व्हो यावर कॉफीत बिस्किट बुडवायचा. असं वर्षानुवर्षं चाललं होतं. दोघांनाही त्यात काही कमी वाटत नव्हतं.

एका वर्षी तिच्या वाढदिवसाला साल्व्होनं भेट आणली. त्याच्या एका चुलतभावाची रोपवाटिका बंद पडली होती. तिथून त्यानं मोठमोठी नेची, कुंड्या आणि लाकडाच्या भुशाचा ढीग भरून आणला, आणि दिवसभर घाम गाळून उताराच्या पायथ्याशी तिच्यासाठी बाग मांडली. नेरिडा मनापासून खूश झाली. कार्मेलोनं तिला जन्मात एक फूल दिलं नव्हतं.

ऊसतोडणीचा हंगाम संपत आला तेव्हा पिप्पा त्या बागेत जाऊन लोळली आणि किंचाळत बाहेर आली. पंजांनी डोळे खरडत होती. जनावरांच्या डॉक्टरनं तपासून सांगितलं, आम्लानं भाजलंय, एक डोळा गेला, दुसराही जाईल. नेरिडा बागेकडे धावली. नेच्यांच्या मुळाशी भुसा हलत होता. लांब पायांच्या, फिक्या पिवळ्या मुंग्या, वाट फुटेल तिकडे सैरावैरा पळत होत्या. तिनं हात लावला तर क्षणात कोपरापर्यंत चढल्या. चावल्या नाहीत, नुसत्या फवारत राहिल्या, आणि कातडीची आग आग झाली.

त्या मुलखात लहान पोरही ही मुंगी ओळखतं. येडी मुंगी. परदेशातून बोटींवर आलेली. एका वारुळात शेकडो राण्या, आणि एक राणी कुंडीतून, भुशातून, लाकडाच्या भेगेतून दुसरीकडे गेली की तिथं नवं राज्य.

येड्या मुंग्यांच्या सरकारी निर्मूलन पथकातून लीअॅन नावाची तरुण बाई आली. तिनं भुसा उचकला, नेच्यांखाली पाहिलं आणि विचारलं, "हे सगळं कुठून आणलं?"

साल्व्हो तिथंच उभा होता. त्यानं टोपी काढली. "मी आणलं," तो म्हणाला.

लीअॅन गेल्यावर तो म्हणाला, "नेरी, मला काय माहीत गं. मी आपलं चांगलं म्हणून..."

"तुझ्या हाताला यशच नाही," नेरिडा म्हणाली. "कार्मेलो म्हणायचा ते खोटं नव्हतं. ज्याला हात लावशील त्याचं वाटोळं. परत या अंगणात पाय ठेवू नकोस."

साल्व्होनं आंधळ्या पिप्पाला उचलून घेतलं आणि तो कुंपण ओलांडून गेला. संध्याकाळची कॉफी बंद झाली.

येड्या मुंग्या उतारावर चढू लागल्या. लढाई अशी काही झालीच नाही. दगडाखालची सोनेरी मुंगी पहिली गेली. काटक्यांचं छप्पर जागच्या जागी होतं, पण आतून पिवळ्या मुंग्या पांढऱ्या अळ्या उचलून बाहेर नेत होत्या. मग पायथ्याजवळची शिवलेली पानं. आम्लाच्या फवाऱ्यानं आंधळ्या झालेल्या काळ्या मुंग्या पानावर गोल गोल फिरायच्या आणि गळून पडायच्या. बेडूक ओरडेनासे झाले, सरडे दिसेनात. येड्यांनी पोसलेल्या किड्यांच्या गोड रसानं झाडांच्या खोडांना चिकट काजळी धरली. नेरिडा चहाचा थर्मास घेऊन वर जायची आणि न उघडता परत आणायची.

लीअॅन पुन्हा आली. "मिसेस पुग्लिसी, हेलिकॉप्टरनं औषध टाकावं लागेल. सगळ्या उतारावर. तुमचा होकार हवा."

"माझ्या मुंग्या?"

"तुमच्या मुंग्यांना गोडच आवडतं, येड्यांना काहीही चालतं, आणि आमच्या विषाच्या दाण्यांत माशाचा चुरा असतो. त्यामुळे काही वाचतीलही. पण मी खोटं नाही बोलणार. बऱ्याचशा मरतील."

"आणि नाही टाकलं तर?"

"तर एकही राहणार नाही. आणि मग या डोंगरभर."

नेरिडानं होकार दिला. जाताना लीअॅननं बजावलं, "तोवर इथून काही बाहेर न्यायचं नाही. कुंडी नाही, माती नाही, एक पानसुद्धा नाही. तुम्हाला सांगायची गरज नाही, तरी सांगते."

"कळतं मला," नेरिडा म्हणाली. तिला खरोखरच कळत होतं.

पण हेलिकॉप्टर यायला अवकाश होता, आणि अगदी वरच्या कड्यालगत येड्या अजून पोचल्या नव्हत्या. नेरिडा रोज वर जाऊन पानांवर टिचक्या मारायची आणि खर्रर्र ऐकायची. मरणार हे ठाऊक असलेल्या माणसाशी बोलावं तसं तिला व्हायचं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तिनं आइसक्रीमचे रिकामे डबे गोळा केले आणि झाकणांना भोकं पाडली.

नदीपलीकडे तिची शाळेतली जुनी सोबतीण, नोएलीन बेअर्ड, राहायची. तिच्या घरामागं दाट झाडी होती आणि ती सरळ वरच्या राखीव जंगलाला जाऊन भिडायची. नेरिडानं फोनवर विचारलं, "माझ्या थोड्या मुंग्यांना आसरा देशील?"

"भाडं देणार असतील तर," नोएलीन हसली. "अगं आण की. विचारायचं काय त्यात?"

नेरिडानं एकेक फांदी कात्रीनं कापली. प्रत्येक पान भिंगाखाली धरून पाहिलं. पांढरी चादर अंथरून त्यावर प्रत्येक घरटं झटकलं, एकही पिवळी मुंगी नाही ना, याची खात्री केली. चुकून राणी मागं राहिली तर ते घरटं नेऊन उपयोग नव्हता, म्हणून एका झाडावरची सगळी घरटी ती एकत्र घ्यायची. परत निघताना तिला वाटेत बांबूचं एक जुनं पेर पडलेलं दिसलं. तोंडाला रेशमी पडदा होता. एका कडेला फाटलेला, पण आत काळी हालचाल दिसत होती. या जातीचं तिच्याकडे एकही घरटं नव्हतं. ते पेर काही झटकता येण्यासारखं नव्हतं. तिनं ते कानाशी धरलं, हलकेच वाजवलं. आतून बारीक खर्रर्र आवाज आला. तिनं ते टॉवेलात गुंडाळून गाडीच्या पुढच्या सीटवर ठेवलं.

नोएलीनच्या झाडीत तिनं फांद्या सुतळीनं बांधल्या, बांबू एका फांदीच्या बेचक्यात बसवला. आठवड्यानं जाऊन पाहिलं तर काळ्या मुंग्यांनी जुन्या घरट्यातून शेजारच्या हिरव्या पानावर रेशीम ओढलं होतं. नेरिडा तिथंच खाली बसली आणि रडली. इतक्या महिन्यांत ती पहिल्यांदाच रडत होती. नोएलीननं तिला आत नेऊन गरम स्कोन आणि जॅम खायला घातलं.

हेलिकॉप्टर आलं, दाणे टाकून गेलं, पुन्हा आलं. येड्या मुंग्यांचे ढीग उतारावर वाळून पडले. काटेरी मुंग्याही. नेरिडानं ते दृश्य एकदाच पाहिलं. मनाशी म्हणाली, असू दे, नदीपलीकडे आहेत. पावसाळाभर ती याच एका वाक्यावर जगली. नदीला पूर आला, रस्ता बंद झाला, तिला पलीकडे जाता आलं नाही, तरी तिला फारशी काळजी वाटली नाही.

रस्ता उघडायच्या सुमारास नोएलीनचा फोन आला. आवाज नेहमीसारखाच हसरा.

"नेरिडा, तुझी पोरं भलतीच चपळ निघाली गं. स्वयंपाकघराच्या ओट्यापर्यंत आलीयत. साखरेचा डबा काही सोडत नाहीत. मला वाटलं होतं काळ्या असतात, या पिवळ्याच दिसतात."

नेरिडानं फोन टेबलावर ठेवला आणि ती गाडीची किल्ली शोधू लागली. "हॅलो? हॅलो?" पलीकडून येत राहिलं.

ती तडक नोएलीनकडे गेली. बेचक्यातला बांबू तिनं उतरवला. रेशमी पडदा पार गेला होता. ज्या हिरव्या पानावर रेशीम ओढलेलं तिनं पाहिलं होतं, त्या पानात पिवळ्या मुंग्या शिरत होत्या, निघत होत्या. खोडावरून त्यांची रीघ वर, राखीव जंगलाच्या बाजूला चालली होती. बांबूत बसून एखादी राणी आली असावी. काळ्या मुंग्यांच्या मागं, सांदीत, दोन-चार सोबतिणी घेऊन. एवढं पुरतं.

लीअॅन आली तेव्हा नेरिडानं तिला सगळं सांगितलं. काही राखून ठेवलं नाही. लीअॅन खोडावरची रीघ बघून आली.

"तुमच्या उतारावर आम्ही जिंकलो होतो, मिसेस पुग्लिसी," ती म्हणाली. रागानं नाही, दमून. "इथं मागं पुरा डोंगर आहे. इथं जमेल असं मी सांगू शकत नाही."

"या झाडीत काटेरी मुंग्या होत्या," नेरिडा म्हणाली. "इथल्या मूळच्या. माझ्याहून कितीतरी जास्त."

"हो. होत्या."

नोएलीन दारात उभी राहून ऐकत होती. तिनं विचारलं, "तुला माहीत होतं? काही बाहेर न्यायचं नाही म्हणून?"

"हो."

"आणि मला सांगितलं नाहीस."

"नाही."

नोएलीन आत गेली आणि तिनं जाळीचं दार लावून घेतलं. आपटलं नाही, नुसतं लावलं. त्या घरात नेरिडाला पुन्हा कुणी बोलावलं नाही.

घरी येऊन नेरिडा गाडीतच बसून राहिली. मग उतरली आणि कुंपण ओलांडून साल्व्होच्या दाराशी गेली. वर्षभरानंतर. तो मागच्या पायरीवर बसून मटार सोलत होता. तिला पाहून तो उठला नाही की हसला नाही. फक्त बाजूची टोपली सरकवली. ती पायरीवर बसली आणि तिनं त्याला सांगितलं.

ऐकून झाल्यावर साल्व्हो म्हणाला, "मला ठाऊक नव्हतं. तुला ठाऊक होतं."

"हो."

"मग तुला काय म्हणू आता? मला बोललीस ते बोलू?"

"बोल."

त्यानं हातातली शेंग सोलून संपवली. "नाही जमत," तो म्हणाला. "तुझी जीभ माझ्याकडे नाही." मग, "कॉफी ठेवू?"

"नको."

तरी त्यानं ठेवली. दोघांनीही ती प्यायली नाही. पिप्पा तोपर्यंत गेली होती. तिची ताटली अजून नळापाशी पालथी पडली होती.

पुढच्या हंगामात पथकानं नेरिडाचा उतार तपासून मोकळा झाल्याचं कळवलं. नदीपलीकडची हेलिकॉप्टरं मात्र चालूच होती. वारा तिकडून असला की त्यांची घरघर तिच्या स्वयंपाकघरात ऐकू यायची. सुरुवातीला ती खिडकी लावून घ्यायची. पुढं लावेनाशी झाली. उतारावर ती कधी गेली नाही. तिथं घाणेरी आणि उंच गवत माजलं, तेव्हा एकदा साल्व्होनं कुंपणावरून हाक मारून विचारलं, "कापून घेऊ का गं? वणवा लागला तर घरापर्यंत येईल."

"तुला हवं ते कर," नेरिडा म्हणाली आणि वाळत घातलेले कपडे काढायला लागली.