पेटीवाल्याची जागा

गुरुवारी संध्याकाळी सहा वाजता पुष्करने ठाकूरद्वारच्या एका देवळाबाहेर चपला काढून पेटी मांडली. दादरला फुलवाल्यांनी आणि लोअर परळला वॉचमनने हुसकावल्यापासून तो लोक थांबून ऐकतील अशी जागा शोधत होता. इथे लोक थांबू लागले. त्याच्या चपलांशेजारी आपल्या काढून देवळात जाऊ लागले.

"दादा, लक्ष ठेवा हां," एक काकू म्हणाल्या.

"काकू, मी पेटी वाजवतोय!"

"वाजवा की. राखायला डोळेच लागतात."

एक आजोबा मात्र अख्खा यमन उभ्याने ऐकत राहिले. पुष्कर सुखावला.

"आवडला, आजोबा?"

"छान. माझ्या कोल्हापुरी दिसत नाहीत."

देऊळ आठला बंद झालं. पुष्करच्या चपलांशेजारी उरलेल्या लाल सँडल न्यायला अजून कोणी आलेलं नाही, आणि आजोबा अनवाणी बसून दुसरा राग ऐकताहेत.