गुलाम नबींचा डावा पाय

“थरथर थांबली की सांगा,” डॉक्टर म्हणाल्या. दोन दातांचा एक लोखंडी काटा तळहातावर आपटून त्यांनी तो गुलाम नबींच्या डाव्या पायाच्या अंगठ्याच्या हाडावर टेकवला होता.

“पह्यले सुरू तं करा, मॅडम.”

डॉक्टरांनी तोच काटा पुन्हा आपटून गुलाम नबींच्या मनगटावर ठेवला. तिथे तो स्पष्ट गुणगुणत होता.

गुलाम नबींना भीतीआधी कुतूहल वाटले. हे तर पंपाचे बेअरिंग तपासणेच झाले. काटा कोणत्या धातूचा, किती वेळ थरथरतो, हे त्यांनी बारकाईने विचारून घेतले. रक्तातल्या वाढलेल्या साखरेने पायांच्या नसा दुबळ्या केल्या आहेत, गेलेली जाणीव परत येईलच असे नाही, तळवे रोज डोळ्यांनी पाहायचे, अनवाणी चालायचे नाही, असे डॉक्टरांनी सांगितले. तेव्हा मात्र त्यांना वामनरावांच्या विहिरीवरची मोटार आठवली.

यवतमाळच्या आयटीआयमधून शिकून आलेले गुलाम नबी मारेगावात बेचाळीस वर्षे शेतीपंप दुरुस्त करत होते. त्यांची एक पद्धत होती. मोटार चालू करायची, डावी चप्पल काढायची, तळवा पंपाच्या सिमेंटच्या चौथऱ्यावर टेकवायचा आणि डोळे मिटायचे. बिघडू लागलेले बेअरिंग कानाला कळण्याच्या कितीतरी दिवस आधी त्या पायाला कळे. मिस्त्रींचा पाय बोलला, एवढ्यावर शेतकरी मोटार खोलायला देत.

दहा दिवसांपूर्वी वामनरावांच्या विहिरीवर पाय काहीच बोलला नाही. बेअरिंग उत्तम आहे, असे त्यांनी सांगितले. पाचव्या दिवशी ते जाम होऊन मोटार जळाली. हरभरा ऐन फुलावर होता. वामनराव भांडले नाहीत. ही मोटार तेवढी भरून द्या, यापुढे वणीचा मिस्त्री पाहतो, एवढेच म्हणाले.

घरी पत्नी आयशाबींनी आपला हातआरसा तळवे पाहण्यासाठी काढून दिला आणि आता दुकानातच बसून काम करा, असे बजावले.

“बसीन. पण माह्या पायाचं मीटरच खराब होतं, हे वामनरावले सांगा लागन. तो मोटारले दोष देऊन राह्यला.”

दुसऱ्या दिवशी तारेचे नवे वाइंडिंग केलेली मोटार विहिरीवर बसवून झाल्यावर गुलाम नबींनी वामनरावांना ते सांगितले. वामनरावांनी त्यांच्या पायाकडे पाहिले.

“मंग आता कोनाच्या पायानं पाह्यसान, नबीभाई?”

“तुमच्या. काढा जोडा.”

वामनराव हसले, पण त्यांनी जोडा काढला. मोटार सुरू झाली.

“काय वाटते?”

“मुंग्या चालून राह्यल्या.”

“मधातच एखादी अडखळते का?”

वामनरावांनी डोळे मिटले. “नाइ. सरळ रांग हाय.”

“मंग बेअरिंग चांगलं हाय.”

“वणीवाल्याले नाइ म्हनतो मंग,” डोळे न उघडताच वामनराव म्हणाले.

गुलाम नबींनी खाली पाहिले. त्यांचाही डावा पाय चौथऱ्यावर, वामनरावांच्या पायाशेजारी टेकलेला होता. चप्पल केव्हा निसटली, ते त्यांना कळलेच नव्हते. ते कडेला बसले, खिशातून आरसा काढून तळव्याखाली धरला, रुतलेला एक खडा बोटांनी काढला आणि चप्पल हाताने पायात चढवली. वामनराव अजून डोळे मिटून उभे होते. गुलाम नबींनी मोटार बंद केली नाही.