मिस्त्रीचा कान

"बंद करू नका, चालू ठेवा," म्हणत बन्सीधरने जावा मोटारसायकलच्या टाकीवर तळहात टेकवला आणि डोळे मिटले.

देवगाव फाट्यावरच्या त्याच्या पत्र्याच्या गॅरेजात येणाऱ्यांना हे सवयीचं होतं. मिस्त्री औजार नंतर लावतो, आधी इंजिन ऐकतो, असं जिंतूरपासून परभणीपर्यंत म्हणत. वालूरचा दिनकररावही आपली गाडी चालू ठेवून उभा राहिला. दसऱ्याला परभणीच्या सडकेवर मोटारसायकलींची शर्यत होती, आणि यंदा तो उतरणार होता.

बन्सीधरला हाताखाली थरथर कळत होती. कानात मात्र भिंतीपलीकडून यावी तशी नुसती धडधड. बारीक आवाज दोन वर्षांपासून एकेक करून गेले होते. आधी पाखरं गेली, मग बायकोच्या बांगड्या. त्याने कुणाला सांगितलं नव्हतं.

"झकास हाय," तो म्हणाला. "पळवा बिनघोर."

पलटणीत मोटार मेकॅनिक असताना मद्रासकडे एका जुन्या धावपट्टीवर त्याने पहिली शर्यत पाहिली. तेव्हापासून दरवर्षीची सुट्टी तिथेच जायची. एका वर्षी आई आजारी असल्याची तार हातात असताना, दोनच दिवसांचा तर प्रश्न म्हणून तो आधी शर्यतीला गेला. घरी पोचला तेव्हा आईला जाऊन तिसरा दिवस झाला होता. सरजाबाई, त्याची बायको, दारातच म्हणाली, "तुमचंच नाव घेऊ लालत्या शेवटपस्तोर." पुन्हा तिने तो विषय काढला नाही.

बहात्तर साली तो निवृत्त होऊन आला आणि फाट्यावर गॅरेज टाकलं. दुष्काळाचं वर्ष. लोक हसले, "प्यायला पानी न्हाई आन् ह्यो गाड्या पळवायलाय!" पण त्याच्या हातची गाडी खरंच पळायची. चार वर्षांत सेलूची, परभणीची हौशी माणसं शर्यतीआधी त्याच्याचकडे येऊ लागली. त्याला वाटायचं, आपण धावपट्टीवर ऐकलं ते वाया गेलं नाही.

दसऱ्याला दिनकरराव पहिल्यापासून पुढे होता. शेवटचा मैल राहिला असताना इंजिन एकदम जाम झालं, मागचं चाक अडकलं आणि गाडी त्याच्यासकट खडीवर घसरत गेली.

दवाखान्यात त्याच्या मांडीला प्लास्टर होतं. पाय वाचला होता, पण गुडघा वाकणार नव्हता. बन्सीधर खाटेजवळ उभा राहिला. दिनकररावाचे ओठ हलले.

"जरा मोठ्यानं बोला," बन्सीधर म्हणाला.

दिनकरराव त्याच्याकडे बघतच राहिला. मग सावकाश, मोठ्याने म्हणाला, "इंजिनात किणकिण येऊ लालती, मिस्त्री. फाट्यावरच आलती मला. मनलं, मिस्त्री ठीक हाय म्हनतेत, मंजी माजाच भास."

बन्सीधरने खाटेची लोखंडी दांडी धरली. "मला ऐकू येत न्हाई, दिनकरराव. दोन साल झाले."

"मंग सांगितलं काहून न्हाई?"

"सांगितलं असतं तर तुमी आला असता का?"

दिनकररावाने तोंड भिंतीकडे फिरवलं.

घरी आल्यावर बन्सीधरने सरजाबाईलाही सांगितलं. ती चुलीपुढून उठली नाही. त्याला दिसेल असं तोंड वळवून म्हणाली, "मला ठावं होतं. दोन साल झाले, मी हाका मारायचं सोडून हात लावू लाले, ते काय उगंच?"

दुसऱ्या दिवसापासून त्याने मोटारसायकली घेणं बंद केलं. आलेल्याला तोंडावर सांगायचा, "मला ऐकू येत न्हाई, परभणीला जावा." सायकली तेवढ्या घ्यायचा. सायकलीचं डोळ्यांनी कळतं.

पुढच्या दसऱ्याला दिनकरराव एस.टी.तून फाट्यावर उतरला, काखेत कुबडी. "चला मिस्त्री. एकट्याला बगू वाटंना."

दोघे सडकेच्या कडेला गर्दीत उभे राहिले. दिनकररावाने उभं राहता यावं म्हणून बन्सीधरच्या खांद्यावर हात ठेवला. त्याने तो तसाच राहू दिला. ऊन चढलं. एकदम सगळ्या माना डावीकडे वळल्या. बन्सीधरने आधी त्या माना पाहिल्या, आणि मग तोही तिकडे बघू लागला.