राजाराम नावाचं कासव

प्रितमच्या घरात नवस नाही, उपास नाही, लिंबू-मिरची तर नाहीच नाही. त्याचे बाबा राजाराम साकीनाक्याच्या वर्कशॉपात लेथ चालवायचे आणि जेवणाच्या सुट्टीत गंडेदोरे बांधून आलेल्यांची बिनपाण्याने हजामत करायचे. अशा माणसाच्या पोटच्या पोरानं मोबाइलमधल्या खेळात बापाचा जीव अडकवून ठेवावा, म्हणजे काय म्हणायचं!

झालं असं. लहानपणी प्रितम हातात मावणाऱ्या छोट्या यंत्रावर एक खेळ खेळायचा. रानातले प्राणी पकडायचे, त्यांना नावं द्यायची, झुंजवायचे. तोच खेळ आता कुणी हौशी चाहत्यांनी नव्याने बनवून फुकट वाटलाय, आणि मेल्यांनी तो महाकठीण करून ठेवलाय. झुंजीत पडलेला प्राणी गेला तो गेला. प्रितमने पहिल्याच कासवाला बाबांचं नाव दिलं, गंमत म्हणून. पुढच्याच महिन्यात बाबांच्या किडन्या गेल्या आणि गंमत संपली. कासव पडलं तर बाबा जातील, हे त्याच्या डोक्यात बसलं ते बसलंच.

तेव्हापासून कासव झुंजीला उतरलं नाही. बाबाही दवाखाना सोडून कुठे बाहेर पडले नाहीत. रविवारी दिंडोशीच्या बुद्धविहारात पोरांना गणित शिकवायचे, तेही प्रितमने बंद करून टाकलं. नोकरी, कांदिवलीचं डायलिसिस, परत नोकरी. पोरगा पार पिचून गेला होता. खेळसुद्धा त्याला आता ड्युटी वाटायचा.

त्या दुपारी बाबांचा एक हात मशीनला जोडलेला, दुसरा मोकळा. शेजारी प्रितम मोबाइल घेऊन बसलेला. बाबांनी डोकावून विचारलं, हे कोपऱ्यातलं कासव रिकामं का बसलंय? मग नाव वाचलं. प्रितमने आधी टोलवाटोलवी केली, शेवटी सगळं ओकून टाकलं. शरमेने त्याचे कान तापले. आता खरडपट्टी निघणार, असं त्याला वाटलं.

बाबा चिडले नाहीत. म्हणाले, "उतरव त्याला."

"नको ना, बाबा. कच्चं आहे ते. बसवूनच ठेवलंय."

"मग कच्चंच राहणार ना रे."

प्रितमचं बोट काही उचलेना. तेव्हा बाबांनीच मोकळ्या हाताने बटण दाबलं. समोर दगडी बैल होता. कासवाने एक टक्कर झेलली, दुसरी झेलली, उलट एकदा कडकडून चावलंही. बाबा खुशीत आले. तिसऱ्या टकरीला ते पडलं. राजाराम आता परत येणार नाही, असं पडद्यावर आलं. चारचौघांत प्रितमला रडू फुटलं.

बाबांनी मोबाइल त्याच्या हातात दिला. "तो गेला. मी बसलोय ना इथे?" मग जरा थांबून म्हणाले, "आणि मीही एक दिवस जाणारच. तेव्हा त्यात तुझी काही चूक नसेल. एवढं डोक्यात ठेव."

प्रितमने मोबाइल खिशात टाकला. बसल्या जागी भिंतीला डोकं टेकून तो झोपला, गाढ. मशीन थांबल्यावर सिस्टर त्याला उठवायला आल्या, तर बाबांनी हळूच सांगितलं, मला घाई नाही, झोपू द्या त्याला.