वीणेचा पहारा

गेल्या साली पटकीनं आमच्या गावातली माणसं भराभर नेली, तेव्हा गावानं सप्ताहाचा नवस बोलला. सप्ताहात वीणा खाली टेकवायची नसते. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात द्यायची, नामात खंड पडू द्यायचा नाही. खंड पडला की पटकी परत आली, असं जो तो धरून बसलेला.

पण राज्य निजामाचं. जाहीर भजनाला सरकारची इजाजत लागायची. पाटील विठ्ठलराव चावडीवर कडाडले, "देवाचं नाव घ्याया कागद कावून पायजे? नाव काय कुनाच्या बापाची जहागीर हाय?" ऐकणाऱ्यांचे ऊर भरून आले. ऊर भरून येण्यात आमचं गाव पहिल्यापासून पुढं.

अर्ज घेऊन माजलगावच्या तहसिलीत खेटे घातले ते मात्र म्हाळूनं. गावचा महार, ते त्याचंच काम. त्याचं एकुलतं पोरगं पटकीतच गेलेलं. पाटलांचं बोलणं त्यानं घरी साखराबाईला सांगितलं होतं, "नाव कुनाच्या बापाचं न्हाई. मंजी आपलंबी हाय." भोळा माणूस! खरं मानून बसला.

इजाजत आली. शर्ती दोन : भाषण करायचं नाही, आणि अर्जात नावं असतील तेवढ्यांनीच मंडपात बसायचं. देखरेखीला सत्तार शिपाई आला. पाटलांचं चावडीवरचं बोलणं त्याच्याही कानावर गेलेलं.

पाचव्या दिवशी दुपारी वीणा गहिनीनाथबुवांच्या गळ्यात होती. पंगत उठलेली, मंडळी लवंडलेली. म्हाळू मंडपाबाहेर चुलीसाठी लाकडं फोडत होता. उन्हाच्या तलखीनं बुवांना भोवळ आली आणि ते वीणेसकट कलंडले. म्हाळू कुऱ्हाड टाकून धावला. वीणा वरच्यावर झेलली, गळ्यात घातली आणि बुवांच्या तोंडून निसटलेलं नाम उचललं. काय आवाज होता त्याचा! झोपलेली माणसं उठून बसली.

मग ती वीणा त्याच्याकडून हिसकावली. पण विटाळलेली वीणा गळ्यात घालणार कोण? याच्याकडून त्याच्याकडे झालं, कुणी गळ्यात घालीना. शेवटी गोमूत्र शिंपायला म्हणून ती जमिनीवर ठेवली. म्हाळूनं सांभाळलेलं नाम गावानं असं स्वतःच्या हातानं तोडलं, आणि खंड पाडला म्हणून म्हाळूलाच बडवलं.

विठ्ठलरावांनी सत्तारला हाक मारली. "ह्याचं नाव अर्जात न्हाई. इजाजत मोडली ह्यानं. न्या ह्याला."

सत्तार म्हणाला, "पाटील, देवाच्या नावाला कागद कावून, म्हनत व्हते ना तुमी?"

"कायदा मंजी कायदा."

"मालक, नाव कुनाच्या बापाचं न्हाई म्हनला व्हता की," म्हाळू म्हणाला. त्याला त्याबद्दल आणखी एक थप्पड मिळाली. सत्तारनं मान खाली घालून दोरी काढली.

शेवटच्या दिवशी काला झाला, तरी मंडपात भजन चालूच होतं. उरलंसुरलं न्यायला महारवाड्यातल्या बाया मंडपाबाहेर उभ्या राहिल्या, त्यात साखराबाई होती. पाटलांचा जीव द्रवला. "वाढा रे तिला. देवाच्या दारातून कुनी उपाशी जाऊ ने."

साखराबाईनं टोपली पुढं केली नाही.

"माजा मानूस कवा सुटंल, मालक?"

पाटलांनी डोळे मिटून टाळ उचलले. "गप ऱ्हा. नामात खंड पाडू नको."