कडक खटक्याचा डबा

संपू झाली तेव्हा तिचं वजन करायला आम्ही घरी काटा आणला होता. आधी आपण एकटं उभं राहायचं, मग बाळाला घेऊन उभं राहायचं आणि वजाबाकी करायची. शुक्रवारी माझा नवरा प्रणित आंघोळीला गेला तेव्हा मी तेच केलं, फक्त हातात संपूऐवजी त्याचं हॅमर मशीन होतं. मग मार्बल कटर, ग्राइंडर, जिगसॉ, दोन्ही ड्रिल. बिट आणि स्क्रू धरून साडेअठरा किलो. कागदावर लिहिलं आणि तो बाहेर यायच्या आत काटा पलंगाखाली सरकवला.

प्रणित किचन आणि वॉर्डरोब बसवतो. निदान बसवायचा. चार महिन्यांपूर्वी माळ्याची दारं लावताना तो घोडीवरून पडला, उजवं मनगट मोडलं, दीड महिना प्लास्टर. सोमवारी त्याचं पहिलं काम होतं, मीरा रोडच्या एका नव्या टॉवरमध्ये. कॉन्ट्रॅक्टर जयकुमारभाईंनी फोनवर बजावलं होतं, “सोसायटीवाले गोणी लिफ्टमध्ये घेऊ देत नाहीत. सामान बंद डब्यात आण.” तोवर त्याची सगळी हत्यारं सिमेंटच्या गोणीत असायची, आणि गोणी आमच्या ओट्याखाली. आता सव्वादोन वर्षांची संपू घरातली प्रत्येक गोष्ट उघडून बघते. म्हणजे डबे घ्यायचेच होते.

पण माझ्या मनात दुसरंही होतं. प्लास्टर निघाल्यापासून मी बघत होते. चहाचा कप डाव्या हातात. संपू कायम डाव्या कडेवर. शर्ट कपाटातच, रोज टी-शर्ट. एकदा किल्ली पडली तर तो तिच्याकडे बघत उभा राहिला, आणि मी वळल्यावर डाव्या हाताने उचलली. “दुखतं का रे?” विचारलं की म्हणायचा, “मस्त आहे.” मी समजले, वजन पेलत नाही. म्हणून नेटवर शोधून ठरवलं होतं: एकावर एक लॉक होणारे चार छोटे डबे, कुठलाही सहा किलोच्या वर जाऊ द्यायचा नाही. आणि खटका असा, की संपूला उघडता येऊ नये.

“चार डबे?” तो म्हणाला. “मी कामाला चाललोय की पिकनिकला?”

“एकच मोठा घेतलास तर आपल्या जिन्याने चार मजले कोण उचलणार?”

“मी. दुसरं कोण?”



शनिवारी सकाळी आम्ही भाईंदर पश्चिमेच्या बाजारात हंसाबेनच्या दुकानात गेलो. तिच्याकडून तो कामाला लागल्यापासून बिट आणि ब्लेड घेतो.

“आवो आवो! कुठे गायब होतास रे प्रणित?”

“इथेच. आराम चालला होता.”

“कारीगर आराम करायला लागले तर माझं दुकान कोण चालवेल?”

तिने पहिला डबा काढला. पुढे एक पट्टी, ओढली की उघडते. मी संपूसमोर धरला, तिने लगेच उघडला.

“हा नको, बेन. कडक पाहिजे.”

“तो ये लो. दोन्ही बाजूचे खटके एकदम दाबायचे, अंगठ्याने. एक दाबून काही नाही होत. माझ्या नवऱ्याला पण नाही उघडत, म्हणून मी ह्याच्यात काजू ठेवते.”

मी दाबून पाहिलं. नखं पांढरी झाली तेव्हा कुठे झाकण सुटलं. संपूने दोन्ही हातांनी धपाधप मारलं, चावून पाहिलं, शेवटी रडली. मला इतकं बरं वाटलं! “हाच,” मी म्हणाले आणि डबा प्रणितकडे दिला. “बघ, किती मजबूत आहे.”

त्याने दोन्ही खटक्यांवर अंगठे ठेवले. डावा खटका आत गेला. उजवा अंगठा नुसता वर पडून राहिला, दुसऱ्या कुणाचातरी असल्यासारखा. त्याने मनगट वळवून पाहिलं, खांदा लावून पाहिला. अंगठा घसरला.

“बघ संपू,” तो हसून म्हणाला, “पप्पाला पण नाही येत.”

हंसाबेन खोखो हसली. मीही हसले. प्रश्न वजनाचा नव्हताच मुळी. अठरा किलो मी वाटून दिले होते आणि अंगठा माझ्या हिशेबातच नव्हता. मी मुलीपासून जपून निवडलेला डबा तिच्या बापाला उघडत नव्हता.

“हाच घेऊया,” तो म्हणाला. “चार द्या.”

मला अडवता आलं असतं. खटका फारच कडक आहे, माझंच बोट दुखलं, काहीही सांगता आलं असतं. पण तसं म्हणणं म्हणजे मी पाहिलं असं म्हणणं. मी संपूचं नाक पुसत राहिले.

घरी त्याने दोन खेपांत डबे वर आणले, डाव्या हाताने. जेवण होऊन संपू झोपल्यावर हत्यारं भरायला बसला. प्रत्येकाखाली जुन्या टॉवेलचा तुकडा, प्रत्येकाची वायर नीट गुंडाळलेली. मी आत भांडी घासत होते. बंद करताना डबा नुसता दाबला की ठक्‌ आवाज होतो. उघडताना मला वेगळाच आवाज आला. डोकावले. तो गुडघ्यांवर बसला होता, डाव्या अंगठ्याने एक खटका धरून दुसऱ्यात तळहाताने स्क्रूड्रायव्हर रेटत होता. तिसऱ्या खेपेला उघडला. त्याने बंद करून परत उघडला. परत. चेहरा असा उजळला होता की मी पाणी बंद करायचं विसरले.

तो उघडेल, मला कळलं. सोमवारीही कसातरी उघडेल. आणि आत ग्राइंडर आहे. त्याचं बटण अंगठ्याने मागे ओढल्याशिवाय बंद होत नाही.

मी हात पुसून बाहेर आले. “ग्राइंडर बंद करून दाखव.”

“काय?”

“प्लग लावू नको. नुसतं बटण. उजव्या हाताने.”

“तू कोण, जयकुमारभाई?”

“दाखव ना.”

त्याने ग्राइंडर उचलला. बटण तळव्याने पुढे ढकललं, चालू. मागे ओढताना अंगठा घसरला. पुन्हा घसरला. मग त्याने डाव्या हाताने बटण ओढलं. “दोन हात लागतात, एवढंच.”

“डाव्याने मशीन धरायचं असतं ना?”

त्याने ग्राइंडर टॉवेलवर ठेवला, वायर सारखी केली.

“टाचणी टोचली तरी कळत नाही,” तो म्हणाला. “प्लास्टर निघाल्यापासून.”

“डॉक्टरांना सांगितलंस?”

“ते विचारतात, कसं काय? मी म्हणतो, मस्त.” मग माझ्याकडे बघून, “तुला कधी कळलं?”

खोटं बोलायचं ठरवलं होतं. “अंगठ्याचं आज. पण काहीतरी आहे, ते पहिल्या आठवड्यापासून.”

“म्हणजे अडीच महिने बघत बसलीस?”

“तुला वाईट वाटेल म्हणून.”

“आता नाही वाटलं?”

 आत संपू कूस बदलत होती. तो उठला, गॅलरीत गेला, आणि मला त्याचा आवाज ऐकू येत राहिला. आधी जयकुमारभाईंशी हिंदीत, बराच वेळ. मग सदूशी.

सदू त्याचा जुना जोडीदार, जवळच्याच मुर्धा गावचा. घरात मासेमारी, पण ह्याने लहानपणीच लाकूड धरलं. सोमवारी प्रणितच्या जागी मशीन आता तो चालवणार होता; रविवारी सकाळी हत्यारं न्यायला आला आणि डब्यांकडे बघून म्हणाला, “लय भारी हायत रं. तू न्हाय येणार?”

“येणार. मापं घ्यायला. दोन दिवस.”

“आन मंग?”

“मग बघू म्हणाले जयकुमारभाई.”

सदूने चहा घेतला, संपूला खांद्यावर बसवून घरभर फिरवली. प्रणितने त्याला एकेक डबा दाखवला, कशात काय आहे ते सांगितलं. कटरचं ब्लेड नवीन आहे, जिगसॉ गरम झाला की थांबव. टेप, लेझर आणि लेव्हलचा चौथा डबा त्याने बाजूला ठेवला. बाकीचे तीन एकावर एक बसवून सदू निघाला.

दुसऱ्या मजल्यावरून त्याची हाक आली. “अरे परन्या! ह्यो उघडाचा कसा?”

प्रणित जिन्याच्या कठड्यावरून वाकला. “दोन्ही अंगठे एकदम दाब!”

“उघडला रं!”

पावलं खाली गेली. तो तसाच वाकून उभा होता. मी संपूला घेऊन दारात आले.

“बुधवारी डॉक्टरांकडे मी येते,” मी म्हणाले.

“ये.” त्याने वळून पाहिलं नाही. “आणि तूच सांग. माझ्या तोंडून मस्तच निघतं.”